पोस्टमास्तरांची बिल्डिंग

पोस्टमास्तरांकडे एक तिकीट मागितलं की आधी इतिहास मिळायचा, मग तिकीट. इतिहास फुकट होता आणि टाळता येत नव्हता. मागे क्यूमध्ये पेन्शन घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या बायका पिशव्या या हातातून त्या हातात घेत उभ्या असायच्या, दाराबाहेर बांधलेला कोणाचा तरी कुत्रा भुंकत असायचा, आणि पोस्टमास्तर पितळी जाळीमागून शांतपणे सांगत असायचे, "तुम्ही आत्ता उभे आहात ना, बरोबर तिथे उभं राहून एका राजपुत्राने पोस्टकार्ड लिहिलं होतं. त्याची मोटार बंद पडली होती." राजपुत्र कुठला, हे ठरलेलं नव्हतं. एरवी तो डेन्मार्कचा वगैरे असायचा. पेन्शनच्या दिवशी मात्र इंग्लंडचा व्हायचा, कारण त्या दिवशी श्रोते जास्त असायचे.

हे इंग्लंडात, लिंकनशरमधलं एक गाव होतं. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि आपल्याबद्दल कोणी काही लिहिलेलं त्यांना आवडत नाही. चांगलं लिहिलं तर जास्तच आवडत नाही. जमीन इतकी सपाट की समोरून येणारी बस पोचण्याच्या कितीतरी आधी दिसायची आणि तेवढा वेळ तिच्याकडे बघण्यापलीकडे काही करण्यासारखं नसायचं. चहूकडे कोबी, बटाटे आणि आभाळ. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि नवऱ्याला जवळच्या हॉस्पिटलमध्ये ज्युनियर डॉक्टरची नोकरी मिळाली होती. 'जवळच्या' हा शब्द तिकडे फार उदारपणे वापरतात. पोस्टाच्या वरची दोन खोल्यांची जागा आम्ही भाड्याने घेतली. "खाली मराठी कुटुंब आहे, तुला सोबत होईल," असं नवरा म्हणाला आणि ड्युटीवर गेला. मी लाजरी आहे. मला एकटेपणाची नाही, सोबतीची भीती वाटते.

पोस्टमास्तरांचं आडनाव देवस्थळी. गावाने त्यांचं 'मिस्टर डी' करून टाकलं होतं. "चारातलं एकच अक्षर ठेवलंय, तेही त्यांच्याच लिपीतलं," असं ते सांगायचे, आणि त्यात तक्रार नसायची, उलट एखादा किताब मिळाल्याचा सूर असायचा. मूळचे नाशिकचे. तरुणपणी लंडनला आले, बरीच वर्षं पत्रं निवडण्याचं काम केलं, मग हे पोस्ट चालवायला घेतलं. खरं तर त्यांचं पद सब-पोस्टमास्तरचं होतं. त्यातलं 'सब' त्यांनी पहिल्याच आठवड्यात मागच्या अडगळीच्या खोलीत ठेवून दिलं असावं, कारण ते मला तरी कधी दिसलं नाही.

माझं मराठी ऐकून पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कॉन्व्हेंट?"

"हो. पुण्यातलं."

"वाटलंच. तुझं मराठी म्हणजे नळाचं पाणी आहे. छान येतंय असं वाटेपर्यंत जातं."

मी गप्प बसले. गप्प बसणं मला दोन्ही भाषांत चांगलं जमतं. हे त्यांनी ओळखलं आणि मला लगेच कामाला लावलं. पोस्टाला लागूनच त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, छोटंसं दुकान होतं: वाढदिवसाची कार्डं, लोकर, गोळ्या-चॉकलेटं. तिथे मी दुपारी उभी राहू लागले. "तुला बोलायचं काम नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "ही माणसं बोलायला माझ्याकडे येतात." ती माणसं माझ्याकडे का येत होती, हे मला दोन दिवसांत कळलं. लोकरीच्या बाजूला इतिहास नव्हता.

काकू कमी बोलायच्या, पण नेमकं बोलायच्या. "यांचं खरं लग्न या बिल्डिंगशी झालंय," त्या मला कार्डं लावता लावता म्हणाल्या. "मी इथली भाडेकरू."

बिल्डिंग खरोखरच देखणी होती. लाल विटांची, वर कोरलेल्या दगडी अक्षरांत 'पोस्ट ऑफिस', आत खांद्यापर्यंत बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या चकचकीत टाइल्स, काळसर लाकडाचा लांबलचक कौंटर आणि दारात एक दगडी पायरी, लोकांच्या पावलांनी मधोमध झिजून बशीसारखी झालेली. या सगळ्याचं पोस्टमास्तरांना काही वाटत नसे. त्यांचा इतिहास माणसांचा होता: राजपुत्र, युद्धातली तार, लॉर्ड कोणीतरी आणि त्याची पळून गेलेली मुलगी. वस्तूंकडे बघून त्यांना थोडी शरमच वाटायची. "इतक्या वर्षांची बाई," ते भिंतीवर हात ठेवून म्हणायचे, "पण मेली कोणी एकदा पावडर लावली नाही तिला."

गावाला अधिकृत इतिहासही होता. तो मिसेस हॉब्ज यांच्या ताब्यात होता. त्या निवृत्त शिक्षिका आणि स्थानिक इतिहास मंडळाच्या अध्यक्ष. मंडळाची एक पातळ पुस्तिका होती आणि ती विकायला ठेवली होती ती पोस्टमास्तरांच्याच कौंटरवर. त्यात पोस्टाला अर्धं पान होतं. ते अर्धं पान दुसऱ्या महायुद्धाशी संपायचं. त्यानंतर त्या गावात इतिहास घडणं बंद झालं असावं.

पोस्टमास्तरांनी एकदा धीर करून विचारलं, "मिसेस हॉब्ज, पुढच्या आवृत्तीत थोडं पुढेही लिहाल ना? म्हणजे, आता मी आहे."

मिसेस हॉब्ज फार गोड हसल्या. "मिस्टर डी, तुम्ही इतिहास कसे असाल? तुम्ही तर अजून चालू घडामोडी आहात."

पोस्टमास्तरही हसले. त्या वाक्यात नकार किती आणि लोणी किती, याचा हिशोब ते संध्याकाळपर्यंत करत होते. त्या दिवसापासून जो कोणी पुस्तिका घेईल त्याला ते सुटे पैसे परत देताना सांगायचे, "बाकीचं मला विचारा." कोणी विचारायचं नाही. ते सांगायचे.

मग एक दिवस बातमी आली. इमारत पोस्टाच्या मालकीची नव्हती, लंडनमधल्या कुठल्याशा कंपनीची होती. शेजारच्या सुपरमार्केटला गाड्या लावायला जागा हवी होती आणि कंपनीला इमारत नको होती, त्यामुळे दोघांचं छान जमलं. पोस्टाचं काय? त्याची सोय होती. सुपरमार्केटच्या आत, मागच्या भिंतीला, एक खिडकी.

"मागच्या भिंतीला म्हणजे कुठे?" पोस्टमास्तरांनी मला विचारलं. मी तिथे दूध आणायला जायचे.

"ब्रेड आणि कुत्र्यांच्या बिस्किटांच्या मधे काका."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे राजपुत्र आला तर तिथे येणार."

ते हसवायला बोलत नव्हते. या गावात इतकी वर्षं काढून त्यांच्याजवळ जे काही होतं, ते त्या दारातून आत आलेलं होतं. जाळीमागे ते पोस्टमास्तर होते. बिस्किटांशेजारी ते सुपरमार्केटमधले एक भारतीय गृहस्थ झाले असते.

बिल्डिंग वाचवायला एकच मार्ग होता: तिला 'लिस्टेड' करून घेणं. एखादी इमारत सरकारी यादीत गेली की ती पाडता येत नाही. मालकाला तिची एक खिडकीसुद्धा विचारल्याशिवाय बदलता येत नाही. इंग्रज माणूस शेजाऱ्याला नसेल जपत, पण शेजाऱ्याच्या खिडकीला जपतो. अर्ज मिसेस हॉब्जनी केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या आणि पोस्टमास्तर एका बाजूला आले. त्या जाळीबाहेर उभ्या राहून तासभर बोलायच्या आणि पोस्टमास्तर त्यांना मधे बोलू द्यायचे, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं.

कौन्सिलकडून कळवलं गेलं की ऑगस्टच्या बँक हॉलिडेच्या, म्हणजे सोमवारच्या सुट्टीनंतरच्या मंगळवारी त्यांचा जुन्या इमारतींचा जाणकार येऊन पाहणी करील. मिसेस हॉब्ज ती सुट्टी बहिणीकडे वेल्समध्ये घालवणार होत्या आणि मंगळवारी थेट येणार होत्या. जाताना त्या कौंटरपाशी थांबल्या. मी शेजारी लोकरीचे गुंडे लावत होते, मला प्रत्येक शब्द आठवतो.

"काही म्हणजे काही करू नका हं, मिस्टर डी. आहे तसंच राहू द्या. ते फक्त एक नजर टाकून जातील."

"छे छे," पोस्टमास्तर म्हणाले. "काहीच नाही करत."

त्या गेल्या. दार बंद होताच पोस्टमास्तर काकूंकडे वळले. "ऐकलंस? 'काही करू नका' म्हणाली."

"ऐकलं," काकू म्हणाल्या. "दिवस फार थोडे आहेत."

आता हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. मुलीला बघायला येणारे सांगतात, काही करू नका, आम्ही सहज येतोय. त्यावर खरंच काही न करणारं घर अजून कोणी पाहिलेलं नाही. व्याही म्हणतात, काही करू नका. साहेब म्हणतात, काही करू नका. या वाक्यानंतर आपल्याकडे पडदे धुतले जातात, डबे घासले जातात, श्रीखंडासाठी चक्का टांगला जातो. पोस्टमास्तरांनी इंग्लंडमध्ये अर्धं आयुष्य काढलं होतं, पण पाहुणा यायचा म्हटलं की ते नाशिकला पोचायचे.

मी धीर गोळा केला. मला तो गोळा करायला वेळ लागतो. "काका, त्या खरंच म्हणाल्या असतील. म्हणजे, इथले लोक 'करू नका' म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक 'करू नका' असंच म्हणायचं असतं."

पोस्टमास्तरांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "कोणी 'काही करू नका' म्हटलं की तू खरंच काही करत नसशील ना?"

"नाही करत."

"अरेरे," ते काकूंना म्हणाले. "हिच्या सासूचं कसं व्हायचं?"

शनिवारी लंडनजवळच्या हॅरोहून व्हॅन आली. त्यात त्यांचा जावई होता आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळातले चौघे होते. गणपतीचं डेकोरेशन दरवर्षी हेच करतात, असं मला सांगण्यात आलं. त्यावरूनच मला कळायला हवं होतं. व्हॅनमध्ये शिड्या होत्या, रंगाचे डबे होते, घासायचं भाड्याचं मशीन होतं आणि काकूंच्या लेकीने पाठवलेले डबाभर दडपे पोहे होते. पोस्ट सोमवार धरून बंद. नवरा ड्युटीवर. मी वर खोलीत बसून मशीनचा आवाज ऐकत होते. तो संपूर्ण इमारतीतून येत होता, दात घासल्यासारखा.

चकचकीत टाइल्सवर रंग धरत नाही, म्हणून आधी त्यांची चकाकी मशीनने काढली आणि मग त्यांना पिस्ता रंगाचा ऑइल पेंट दिला. कौंटर खरवडून त्याला नवा सागवानी रंग दिला, वर ब्रशने लाकडाच्या रेषाही काढल्या. लाकडावर लाकूड. पितळी जाळी काळवंडली होती, तिला चंदेरी केलं. दारातल्या पायरीतला खड्डा सिमेंटने भरून सपाट केला, कारण पाहुणा अडखळायला नको. आणि समोरची भिंत! विटांना आधी गेरूसारखा लाल रंग दिला आणि तो वाळल्यावर त्यावर पांढऱ्या रेघा मारून विटा काढल्या. खालच्या खऱ्या विटा आणि वरच्या काढलेल्या विटा एकमेकींशी जुळत नव्हत्या, पण वरच्या सरळ होत्या. कोरलेल्या अक्षरांना सोनेरी.

सोमवारी संध्याकाळी पोस्टमास्तर मला रस्त्यापलीकडे घेऊन गेले. कपाळावर लाल ठिपका, केसांत पिस्ता. "बघ," म्हणाले. "लग्नाला उभी राहिल्यासारखी दिसतेय की नाही?"

ती तशीच दिसत होती. त्याबद्दल वाद नव्हता.

मंगळवारी जाणकार आला. उंच, वाकलेला, पावसाचा कोट घातलेला शांत माणूस. तो रस्त्यापलीकडेच उभा राहिला आणि बराच वेळ रस्ता ओलांडेना. तेवढ्यात मिसेस हॉब्जची गाडी आली. त्या उतरल्या, त्यांनी वर पाहिलं आणि गाडीचं दार लावायला विसरल्या.

"या, या," पोस्टमास्तर सूट घालून दारात उभे होते. "तुम्ही काही करू नका म्हणालात म्हणून जास्त काही केलं नाही. थोडं आवरलं."

जाणकाराने नम्रपणे मान हलवली आणि तो दारातच उकिडवा बसला. त्याने पायरीवरून हात फिरवला. "याच्या खाली मूळ दगड आहे?"

"आहे ना. पण त्याला केवढा खड्डा पडला होता."

"पावलांनी," तो माणूस हळूच म्हणाला. "इतक्या वर्षांच्या पावलांनी."

"तेच तर," पोस्टमास्तर उत्साहाने म्हणाले. "आणि कोणी लक्षच दिलं नव्हतं."

आत त्याने टाइल्सना बोटांच्या टोकांनी हात लावला, आजारी माणसाला लावतात तसा. "यांची चकाकी?"

"घासून काढली. नाहीतर रंग धरत नाही."

काकूंनी चहा आणि चिवडा पुढे केला. त्याने चिवडा खाल्ला, छान आहे म्हणाला, पुन्हा घेतला. इंग्रज माणूस वाईट बातमी द्यायच्या आधी फार नीट खातो. मग त्याने सगळ्यांचे आभार मानले, कशाबद्दल तरी माफी मागितली आणि तो गेला. वहीत त्याने काहीच लिहिलं नव्हतं.

मिसेस हॉब्ज पेन्शनवाल्यांच्या बाकावर बसल्या होत्या. "मी म्हटलं होतं, काही करू नका," त्या म्हणाल्या. शिक्षिकेचा आवाज नव्हता तो.

"मला वाटलं, तुम्ही आपलं म्हणायचं म्हणून म्हणताय," पोस्टमास्तर म्हणाले. अजून त्यांच्या चेहऱ्यावर यजमानाचं हसू होतं. ते खाली कसं ठेवायचं हे त्यांना कळत नव्हतं. "आमच्याकडे असं म्हणतात. आणि म्हटलं की..." ते काकूंकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "हिला काय सांगू?"

काकू म्हणाल्या, "काही नका सांगू. रंग ओला आहे, टेकू नका."

कौन्सिलचं उत्तर पानभर होतं आणि अत्यंत सभ्य होतं. त्याचा अर्थ एवढाच, की यादीत घेण्याजोगं मूळचं पुरेसं काही आता उरलेलं नाही.

त्यानंतर पोस्टमास्तरांकडे तिकीट मागितलं की तिकीटच मिळायला लागलं. क्यू भराभरा सरकू लागला. लोकांना खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण हातात तिकीट आलं तरी ते थोडा वेळ तसेच उभे राहायचे. एका म्हाताऱ्याने एकदा विचारलंसुद्धा, "तो राजपुत्र कुठला हो?" पोस्टमास्तर त्याच्यामागच्या क्यूकडे बघून म्हणाले, "पुढचे."

त्याच हिवाळ्यात नवऱ्याची ग्लासगोला बदली झाली. निरोप घ्यायला मी खाली गेले तेव्हा पोस्टमास्तर बाहेर उभे राहून भिंतीकडे बघत होते. पांढऱ्या रेघांवर पावसाचे ओघळ आले होते. मला काही बोलायचं होतं. तेवढ्यात बस दिसली, आणि ती यायला नेहमीसारखाच भरपूर वेळ होता, तरी माझं बोलून झालं नाही. तेच म्हणाले, "जा. ग्लासगोला दगडी बिल्डिंगी आहेत. कोणाला रंगवू देऊ नकोस."

इमारत वसंतात पाडली. इतक्या वर्षांत पोस्टाचं दार कधी नीट न लावणारं सगळं गाव बघायला जमलं आणि आठवण म्हणून एकेक वीट घेऊन गेलं, असं काकूंनी फोनवर सांगितलं. पोस्टमास्तर काही काळ बिस्किटांशेजारी बसले, मग त्यांनी हॅरोला लेकीजवळ जायचं ठरवलं. जायच्या आधी इतिहास मंडळाने त्यांना व्याख्यानाला बोलावलं. विषय: आपलं पोस्ट ऑफिस. "तू ये," काकू म्हणाल्या. "ते तुला सांगणार नाहीत, पण तू ये." मी तीन गाड्या बदलून एकटी गेले. माझ्यासारखीसाठी ही मोठी गोष्ट आहे.

चर्चचा हॉल, दुमडत्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाची मोठी टाकी. मंडळाच्या व्याख्यानांना एरवी दहा माणसं येतात आणि त्यातली चार झोपतात. त्या दिवशी भिंतीला टेकूनही लोक उभे होते. मिसेस हॉब्ज पहिल्या रांगेत. मी शेवटच्या.

पोस्टमास्तरांच्या हातात कागद नव्हता. त्यांनी इमारत कधी बांधली, कोणी बांधली, टाइल्स कुठून आल्या, हे सगळं सांगितलं. हे त्यांनी केव्हा शोधून काढलं होतं कोण जाणे. सुशोभित केलेलं एकही वाक्य नव्हतं, त्यामुळे व्याख्यान लवकर संपत आलं.

"दोन महायुद्धांत तिला काही झालं नाही," ते म्हणाले. "एकदा पूर आला, एकदा आग लागली, तेव्हाही नाही. मग तिला बघायला पाहुणा येणार होता, आणि मी तिला आवरली. आमच्याकडे ज्याच्यावर जीव आहे त्याला असं मळकं पुढे करत नाहीत. तुमच्याकडे करतात, हे मला उशिरा कळलं. म्हणून आता तिथे तुम्ही गाड्या लावता. पोस्ट ऑफिसचा इतिहास इथे संपतो, आणि तो मी संपवला. प्रश्न असतील तर विचारा."

समोर दुसरं कोणी मनातलं बोललं की इंग्रज माणूस बुटांकडे बघतो. हॉलभर बूटच बूट झाले. मीही माझ्या बुटांकडे पाहिलं. मग मधल्या रांगेतून एक हात वर झाला. दर आठवड्याला पेन्शन घ्यायला येणारी, बटाट्याच्या शेतावर जन्म काढलेली म्हातारी होती ती.

"प्रश्न नाही, मिस्टर डी," ती म्हणाली. "पण ते शेवटचे महिने दिसत फार छान होती हो."

आजूबाजूच्या दोन-तीन माना हलल्या. मिसेस हॉब्जनी मागे वळून पाहिलं, आणि मग थोड्या वेळाने त्यांचीही मान हलली.

पोस्टमास्तरांनी त्या सगळ्यांकडे नीट बघून घेतलं. हे लोक खरंच म्हणताहेत की आपलं म्हणायचं म्हणून म्हणताहेत, हे ते पाहत असावेत. मग त्यांनी चष्मा वर केला आणि खांदे सरळ केले.

"तीन हात दिले होते मॅडम," ते म्हणाले. "लोक दोनच देतात."